जो सुचवेल, त्यानं सोबत बसायचं

आमच्या घरात पुस्तक, सिनेमा, गाणं किंवा मोबाइलवरचा खेळ कुणीही कुणालाही सुचवू शकतं. अट एकच आहे. जो सुचवेल त्यानं सोबत बसायचं. पुस्तक असेल तर निदान पहिली वीस पानं मोठ्यानं वाचून दाखवायची. सिनेमा असेल तर शेवटपर्यंत उठायचं नाही. गाणी असतील तर एक अख्खी बाजू ऐकायची (बाजू हा कॅसेटच्या काळातला शब्द, आमचा धाकटा त्याला हसतो). खेळ असेल तर तो दुसऱ्याच्या हातात देऊन शिकवायचा. ‘छान आहे, बघा’ असं लिहून व्हॉट्सअॅपवर लिंक टाकून मोकळं होणं चालत नाही.

ही अट घालावी लागली, कारण घरात माणसं सात आणि मोबाइल सहा. दादी, बडे अब्बा, बडी अम्मी, आम्ही दोघं, अकरावीतली मुलगी आणि आठवीतला मुलगा. मगरिबनंतर सगळे एका खोलीत असायचे, पण ज्याच्या त्याच्या कानात ज्याचं त्याचं काहीतरी चाललेलं. मुलगी काय वाचते हे आम्हाला ठाऊक नव्हतं, मुलगा कुणावर गोळ्या झाडतो हे दादीला ठाऊक नव्हतं, आणि आम्ही काय बघतो हे मुलांना ठाऊक असावं असंही वाटत नव्हतं. सोबत बसायची अट आली आणि निम्म्या शिफारशी आपोआप गळाल्या. जे दादीशेजारी बसून बघता येत नाही ते सुचवायचं कसं?

गेल्या दोन-तीन वर्षांत या अटीतून जे टिकलं, त्यातलं थोडं इथं सांगतो. सगळं सांगत नाही. काही गोष्टी फक्त आमच्याच घराला आवडण्यासारख्या आहेत.

सुरुवात गावापासूनच करावी लागेल. शिर्डीत राहणाऱ्याला गाणी शोधावी लागत नाहीत. पहाटे काकड आरती, फजरची अजान, मग दिवसभर दुकानादुकानांतून वाजणारी भजनं. बाहेरगावी लग्नाला गेलो आणि ‘शिर्डीचे पाहुणे’ अशी ओळख झाली, की कुणीतरी ‘अमर अकबर अँथनी’तली रफीसाहेबांची कव्वाली गुणगुणतंच. १९७७ साली सिनेमानं शिर्डीला दोनदा उचलून धरलं. एक मनमोहन देसाईंचा ‘अमर अकबर अँथनी’ आणि दुसरा ‘शिर्डी के साईबाबा’, ज्यात सुधीर दळवी साईबाबा झाले होते. मराठीत तर कुमारसेन समर्थ यांनी १९५५ सालीच साईबाबांवर चित्रपट केला होता.

‘अमर अकबर अँथनी’ आम्ही दोघांनी सुचवला होता. मुलांना तो फार मोठा, फार गोंगाटी वाटेल अशी धास्ती होती. पण पोट धरून हसली. मुलीनं एक गोष्ट टिपली ती आमच्या कधी लक्षात आली नव्हती. ती म्हणाली, ‘अकबर सिनेमाभर कुणाला काही सिद्ध करून दाखवत नाही. तो नुसता आहे. गातो, चिडवतो, प्रेम करतो.’ आजच्या सिनेमात मुसलमान पात्र आलं की ते एक तर देशासाठी मरतं किंवा देशाला मारतं. नुसतं असायची मुभा त्याला क्वचितच मिळते. आम्ही खूश झालो, तोवर तिनं पुढचं वाक्य टाकलं: ‘पण तो जन्मानं अमरचाच भाऊ ना? मग तिघांत खरा मुसलमान किती?’ बडे अब्बांनी चष्मा काढून पुसला. उत्तर कुणाकडेच नव्हतं. पाळणारा हैदर अली दर्जी मुसलमान आहे, एवढंच बडी अम्मीनं सांगून पाहिलं.

शिर्डीविषयी वाचायचं तर आमची शिफारस थोडी वेगळी आहे. गोविंद रघुनाथ दाभोळकरांचं ‘श्रीसाईसच्चरित’ बहुतेक मुस्लिम घरांत नसतं. तो भक्तांचा पोथीग्रंथ आहे आणि आपला अकीदा वेगळा आहे, हे स्पष्टच आहे. आम्हीही तो पोथी म्हणून वाचत नाही. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची शिर्डी कशी होती हे ज्याला बघायचं असेल त्यानं त्यातला रामनवमीचा अध्याय वाचावा. आज लाखोंची गर्दी होते तो उत्सव १८९७ साली उरूस म्हणून सुरू झाला, ही कल्पना कोपरगावच्या गोपाळराव गुंडांची होती, आणि त्या उरसात संदलची मिरवणूक कोऱ्हाळ्याच्या अमीर शक्करांनी सुरू केली, हे सगळं त्यात ओवीबद्ध आहे. संदल आणि निशाणं एकाच दिवशी एकाच गावातून निघत, हे भक्तांच्याच ग्रंथात लिहिलेलं आहे. आमच्या मुलाला हे आमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा छापलेलं वाचल्यावर जास्त पटलं.

दुसरं पुस्तक इंग्रजी आहे. मेरियन वॉरन या अभ्यासक बाईंचं, साईबाबांकडे सूफी परंपरेच्या प्रकाशात पाहणारं, १९९९ साली आलेलं. त्यांचे सगळे निष्कर्ष सगळ्यांना मान्य होतील असं नाही. पण त्या पुस्तकात एक ऐवज आहे: अब्दुलबाबांची वही. नांदेडहून शिर्डीत आलेले अब्दुल मशिदीत साईबाबांजवळ बसून कुरआन वाचत आणि बाबा जे बोलत ते टिपून ठेवत. त्या वहीचा इंग्रजी अनुवाद वॉरनबाईंनी छापला. १९५४ साली अब्दुलबाबा वारले. लेंडीबागेजवळ त्यांची कबर आहे. तिच्यावरून आम्ही हजारदा गेलो असू. एक माणूस इथं बसून लिहीत होता, आपल्या दादीच्या बोलीच्या जवळच्या भाषेत, हे कळल्यावर मुलीनं पहिल्यांदा थांबून तिथली पाटी वाचली.

सिनेमात आमचा पहिला नंबर ठरलेला आहे आणि त्यावर घरात दुमत नाही. माजिद मजिदी या इराणी दिग्दर्शकाचा १९९७ सालचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’. ऑस्करच्या परभाषी चित्रपटांच्या अंतिम यादीत गेलेला हा पहिला इराणी सिनेमा. गोष्ट एवढीशी आहे. अलीच्या हातून बहिणीचे, जहराचे, दुरुस्त करून आणलेले बूट हरवतात. घरी सांगायची सोय नाही, कारण अब्बांकडे नवे घ्यायला पैसे नाहीत. मग अलीचेच बूट दोघं पाळीपाळीनं वापरतात. सकाळच्या शाळेतून ती धावत येते, गल्लीच्या वळणावर बूट बदलतात आणि हा दुपारच्या शाळेला धावत सुटतो.

दादीनं कित्येक वर्षं सिनेमा पाहिला नव्हता. ती तसबीह घेऊन कोपऱ्यात बसली होती, बघत नाही असं दाखवत. अलीचे अब्बा मशिदीसाठी साखरेच्या ढेपा फोडत असतात. जहरा त्यांना चहा आणून देते. ते साखर मागतात, ती म्हणते इथं तर ढीग आहे. ते सांगतात, ही मशिदीची आहे, आपली नाही. एवढाच प्रसंग. दादीची तसबीह थांबली. ‘हे अमानत म्हणतात याला,’ ती मुलांना म्हणाली, आणि मग खुर्ची पुढं ओढून शेवटपर्यंत बसली. अमानत या विषयावर आम्ही मुलांना निदान दहा वेळा उपदेश केला असेल. त्या चहाच्या कपानं जे केलं ते आमच्या दहा उपदेशांना जमलं नव्हतं.

शेवटची शर्यत कशासाठी असते आणि अलीला कितवा नंबर हवा असतो हे इथं सांगत नाही. हा सिनेमा पाहिला की त्याच आठवड्यात प्रेमचंदांची ‘ईदगाह’ वाचा, हेही जोडून सुचवतो. ईदच्या मेळ्यात सगळी मुलं खेळणी घेतात आणि हामिद आजीची बोटं भाजतात म्हणून चिमटा घेऊन येतो, ती गोष्ट. ती वाचून दाखवताना आमचा आवाज दोनदा अडला. मुलगा म्हणाला, ‘थांबा, पाणी पिऊन या.’

‘द मेसेज’बद्दल नव्यानं सांगायला नको, बहुतेक घरांत पाहिलेला असतो. एक गोष्ट मात्र मुलांना सांगण्यासारखी आहे. मुस्तफा अक्काद यांनी तो सत्तरच्या दशकात दोनदा चित्रित केला, एकदा इंग्रजीत आणि एकदा अरबीत, वेगवेगळे कलावंत घेऊन. इंग्रजीत हजरत हमजांची भूमिका अँथनी क्विननं केली, अरबीत अब्दुल्ला गैस यांनी. पैगंबर (स.) पडद्यावर दिसत नाहीत, त्यांचा आवाजही नाही, आणि तरी तीन तासांचा सिनेमा उभा राहतो. तो करणारे अक्काद २००५ साली अम्मानच्या हॉटेलातल्या आत्मघाती स्फोटात मुलीसह गेले. इस्लामची गोष्ट जगाला सांगण्यात आयुष्य घालवलेला माणूस, आणि मारणारे त्याच इस्लामचं नाव घेणारे. यावर मुलांशी बोलावं लागतं. आम्ही बोललो, पुरेसं बोललो असं वाटत नाही.

मग येतं मालेगाव. शिर्डीहून मनमाड, आणि मनमाडच्या पुढं मालेगाव. आमच्या नात्यातली तीन घरं तिथं यंत्रमागावर जगली. देशाला मालेगावचं नाव २००६ आणि २००८ च्या स्फोटांमुळं कळतं. पण त्याच २००८ मध्ये फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, आणि आम्ही म्हणतो की मालेगाव बघायचं तर यातून बघा. नासिर शेख आणि त्याची दोस्तमंडळी गावातल्या गावात सिनेमे बनवायची. ‘शोले’ची नक्कल आधीच करून झाली होती, माहितीपटात ती ‘सुपरमॅन’ बनवतात. क्रेन म्हणून बैलगाडी, ट्रॉली म्हणून सायकल. सुपरमॅन झालेला शफीक यंत्रमाग कामगार, अंगानं काडी. पोट धरून हसावं आणि मध्येच गप्प व्हावं असा तो सिनेमा आहे, कारण शफीक नंतर कर्करोगानं गेला हे आपल्याला ठाऊक असतं.

याच मंडळींवर रीमा कागती यांनी केलेला ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला. आदर्श गौरव त्यात नासिर झाला आहे. तो चांगला आहे, डोळ्यांत पाणी आणतो. पण आमची पहिली पसंती माहितीपटालाच. त्यात मागांची खडखड खरी आहे, शुक्रवारची सुटी खरी आहे, आणि माणसं स्वतःवर हसतात ते हसणं लिहून दिलेलं नाही.

पुस्तकांचा विषय आमच्याकडं एका प्रश्नापासून सुरू झाला. मुलगी दहावीत असताना म्हणाली, ‘मराठीत इतकं वाचलं, आपल्यासारखं घर कुठंच नाही. वाड्यातली घरं आहेत, वस्तीतली आहेत, शेतावरची आहेत. ज्या घरात अम्मीला अम्मी म्हणतात आणि निबंध मराठीत लिहितात, असं कुठंय?’ घरात आम्ही दखनी बोलतो, दुआ अरबीत मागतो, भांडण मराठीत करतो. हे सगळं एका वाक्यात मावणारं पुस्तक तिला हवं होतं.

आम्ही शोधायला लागलो आणि आधी आमच्याच जिल्ह्यात पोचलो. श्रीगोंद्याचे शेख महंमद, सोळाव्या-सतराव्या शतकातले, ‘योगसंग्राम’ हा मराठी ग्रंथ लिहिणारे. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी आणि शेख महंमद या दोघांनाही चांद बोधल्यांकडून मार्ग मिळाला असं परंपरा सांगते. ‘योगसंग्राम’ थेट वाचणं जड आहे, आम्हाला झेपलं नाही. त्याऐवजी रा. चिं. ढेरे यांचं ‘मुसलमान मराठी संतकवी’ घ्या. मराठी ही मुसलमानांची भाषा कधीपासून, असं मुलाला शाळेत किंवा बाहेर कुणी विचारलं, तर उत्तर त्या छोट्या पुस्तकात आहे. संतसाहित्याचे मोठे अभ्यासक यू. म. पठाण १९९० साली पुण्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि त्याच वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. बडे अब्बा तेव्हा तरुण होते. दोन्हींच्या बातम्या पेपरात वाचल्याचं त्यांना आठवतं, एवढंच ते सांगतात.

संत झाले, अभ्यासक झाले. पण मुलीला घर हवं होतं. मल्लिका अमर शेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ तिला आम्ही दिलं नाही, तिनं स्वतः मिळवून वाचलं. १९८४ सालचं ते आत्मकथन धारदार आहे, संसाराबद्दल काहीही झाकत नाही; सोळाव्या वर्षी वाचावं की नाही यावर आमच्यात अजून वाद आहे. वाचून ती दोन दिवस गप्प होती. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ सगळ्यांच्या घरात असते, त्यांचं ‘इस्लामी संस्कृती’ फार थोड्यांच्या. एका हिंदू लेखकानं पैगंबरांचं चरित्र किती मायेनं मराठीत सांगितलं आहे ते बघायला तरी ते मिळवा. दादीला ऐकायला तेच सगळ्यात आवडलं.

आणि हसायचं असेल तर वैकोम मुहम्मद बशीर यांची ‘पात्तुम्माची शेळी’. मूळ मल्याळम, १९५९ साली प्रसिद्ध झालेली. लेखक शांत बसून लिहावं म्हणून घरी येतो आणि घर भावंडं, वहिन्या, पोरं, कोंबड्या यांनी खच्चून भरलेलं. बहिणीची शेळी दिसेल ते खाते. लेखकाची पुस्तकंसुद्धा खाते. आम्ही इंग्रजी अनुवादातून वाचलं आणि मुलीनं वाचता वाचता दखनीत सांगितलं. केरळातलं ते घर तिला आमचंच वाटलं. ‘हे आहे बघ,’ ती म्हणाली, ‘फक्त मराठीत नाही.’

खेळांबद्दल आम्हा दोघांना काही कळत नव्हतं. धाकट्यानं पहिल्यांदा सुचवला तो गोळीबाराचाच, जो त्याच्या वर्गातली सगळी मुलं मोबाइलवर खेळतात. अटीप्रमाणे तो आम्हाला शिकवायला बसला. आम्ही दर वेळी अर्ध्या मिनिटात मरायचो. त्याला आधी मजा वाटली, मग कंटाळा आला. तो खेळ त्यानं सोडला नाही. पण आता कुठं, किती वेळ, कुणाबरोबर हे आम्हाला माहीत असतं.

खरी शिफारस फुफूच्या मुलाकडून आली. तो पुण्यात शिकतो, त्याच्याकडं मोठा संगणक आहे. त्यानं सुट्टीत ‘राजी’ दाखवला, २०२० साली आलेला, पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीनं बनवलेला. हरवलेल्या भावाला शोधायला निघालेली राजी नावाची मुलगी. कथा पुराणातल्या देवीदेवतांची आहे, मधली चित्रं सावल्यांच्या बाहुल्यांसारखी हलतात, आणि जुन्या लघुचित्रांतल्यासारखे रंग आहेत. पुण्यातली माणसं असं काही करू शकतात हे बघून धाकटा चकित झाला. आतापर्यंत खेळ म्हणजे जपान, अमेरिका, कोरिया.

दुसरा ‘असॅसिन्स क्रीड मिराज’, २०२३ चा. हा मोठ्यांसाठीचा खेळ आहे, नायकाचा धंदाच खून करण्याचा, त्यामुळं मुलांच्या हातात देऊ नका. पण त्यात इसवी सन ८६१ च्या सुमाराचं बगदाद आहे. बाजार, कालवे, मशिदी, आणि बैतुल हिकमा, जिथं ग्रीक आणि इतर भाषांतले ग्रंथ अरबीत उतरवले गेले. शहराच्या इतिहासावरच्या टिपा खेळातच वाचता येतात आणि संवाद अरबीतून ऐकता येतात. भाच्याला आम्ही सांगितलं, कुणाला मारू नकोस, नुसतं फिरव. दीड तास त्यानं सगळ्या घराला बगदाद फिरवलं. दादीनं विचारलं, ‘गौस पाकांचा दर्गा कुठंय?’ धाकट्यानं शोधलं आणि सांगितलं, ‘दादी, हजरत अब्दुल कादिर जिलानी बाराव्या शतकात वारले. हे त्याच्या तीनशे वर्षं आधीचं बगदाद आहे.’ दादी म्हणाली, ‘म्हणजे आपण फार लवकर आलो.’

गाण्यांवर आमच्या घरात एकमत नाही. संगीत कितपत जायज यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत, तसे आमच्या घरातही आहेत. बडे अब्बा वाद्यांचं गाणं ऐकत नाहीत. ते वाद घालत नाहीत, उठून ओट्यावर जाऊन बसतात. त्यांना अटीतून सूट आहे, आणि रमजानमध्ये सगळ्यांनाच. बाकीच्यांसाठी आमची यादी लहान आहे. श्रीकांत ठाकरे यांच्या संगीतातली रफीसाहेबांची मराठी गाणी. इतकं स्वच्छ मराठी त्यांनी किती मेहनतीनं उच्चारलं असेल ते कान देऊन ऐका. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या, ज्यात मराठी नाट्यपदंही आहेत. खरखर खूप आहे, पण दोन मिनिटांत कान सरावतात. बार्शीच्या शाहीर अमर शेखांचा आवाज जितका मिळेल तितका. इलाही जमादारांच्या मराठी गझला भीमराव पांचाळ्यांच्या आवाजात. आबिदा परवीन यांनी गायलेला कबीर, गुलजारांच्या निवेदनासह, २००३ चा अल्बम; आमच्या गाडीत तो नेहमी असतो.

एक अल्बम मात्र कुठंच मिळणार नाही. दादी लहानपणी जात्यावर गायची ती दखनी गाणी. विजापूरच्या सूफींनी बायकांसाठी चक्कीनामे लिहिले, जात्याच्या खुंट्यात अलिफ बघायला शिकवणारे, असं आम्ही वाचलं होतं. दादीच्या गाण्यांत त्याचं काही उरलं आहे का ते आम्हाला समजत नाही, पण अल्लाचं नाव आहे, माहेर आहे, सासूची तक्रार आहे, आणि अर्ध्या ओळी चक्क मराठी आहेत. मुलीनं मोबाइल समोर धरला तर दादीला एकही आठवेना. म्हणाली, नुसतं बसून कसं गाऊ, हाताला काम लागतं. नळाखाली उलटं पडलेलं जातं आम्ही धुऊन आत आणलं, मूठभर ज्वारी टाकली. चौदा गाणी मिळाली. दोन मध्येच तुटली, पुढचं तिला येत नाही. वाद्य नसल्यानं बडे अब्बा दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी एक शब्द दुरुस्तही केला. तुमच्या घरात अशी कुणी असेल तर जातं शोधा, निदान पाटा तरी.

सध्या दोन पुस्तकं चालू आहेत. एक बडी अम्मीनं सुचवलेलं, बानू मुश्ताक यांचं. कन्नडमधल्या त्यांच्या बारा कथांचा दीपा भास्ती यांनी केलेला इंग्रजी अनुवाद ‘हार्ट लॅम्प’ नावानं आला आणि मे २०२५ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. पेपरात फोटो बघून बडी अम्मी म्हणाली, ‘ही आपल्यासारखीच दिसते, काय लिहिते ते सांगा.’ तिला इंग्रजी येत नाही, म्हणून वाचायचं काम मुलीकडं. पहिल्या कथेत बायकोसाठी ताजमहाल बांधीन म्हणणारा नवरा आहे. ती गेल्यावर तो काय करतो ते ऐकताना बडी अम्मी नुसती हसली, आणि ते हसू आम्हाला सोसवलं नाही. दुसऱ्या एका कथेत मुतवल्लीकडं न्याय मागायला आलेली बाई मशिदीत ठाण मांडून बसते. तीवर गिरीश कासारवल्ली यांनी २००४ साली ‘हसीना’ हा सिनेमा केला होता. बडे अब्बा म्हणाले, घरातलं धुणं बाहेर कशाला धुवायचं. बडी अम्मी त्यांच्याकडं न बघता म्हणाली, ‘घरात धुवायला पाणी दिलं असतं तर बाहेर कोण गेलं असतं?’ इतक्या वर्षांत त्यांना असं उत्तर देताना आम्ही तिला पाहिलं नव्हतं. आता उरलेल्या कथा ती दर रविवारी शेजारच्या तीन बायकांना बोलावून ऐकते.

दुसरं मुलीनं सुचवलेलं, हमीद दलवाई यांची ‘इंधन’, १९६५ ची कादंबरी. कोकणातल्या आपल्या गावी वर्षांनी परतलेला माणूस, आणि हळूहळू पेटत जाणारं गाव. दलवाईंची धर्माबद्दलची मतं आमच्या घरात कुणालाच पटत नाहीत, आणि बडे अब्बांना तर त्यांचं नावही घेतलेलं आवडत नाही. पण मुलीचं म्हणणं, हेच ते घर आहे जे मी शोधत होते, मराठीत, आणि ते लिहिणाऱ्याशी माझं भांडण असेल तर मी वाचून भांडेन. बडे अब्बांनी दोन दिवस विचार केला. मग अट घातली की वाचन त्यांच्यासमोर होईल आणि वाटेल तिथं ते थांबवतील. सत्तर पानं झाली आहेत. सात वेळा थांबवलं. त्यातल्या पाच वेळा वाद झाला आणि दोन वेळा ते म्हणाले, ‘हे मात्र बरोबर लिहिलंय, पुढं वाच.’ पुढची बैठक जुम्मेच्या रात्री इशानंतर आहे, पान ७१ पासून.